सात गाठी

“गेट अवे!”

लिंगाप्पा धनगर शाळेच्या ओसरीवरून असा ओरडला की वर्गातली पोरं आपोआप उभी राहिली. मग हातातल्या लोकरीच्या दोरीची पहिली गाठ चाचपत त्यानं अदबीनं विचारलं,

“ह्येचा अर्थ काय, मास्तर?”

अंकुशराव मास्तर भडकले. खटकचिंचोळीच्या त्या सरकारी उर्दू शाळेत इंग्रजी जाणणारे ते एकटेच. त्यामुळं त्यांच्या चुका काढायला कुणी नव्हतं. पण म्हणून भर वर्गात येऊन कुणी ओरडावं?

“शाळा आहे ही! मेंढवाडा नव्हे!”

“म्या न्हाई वरडलो, मास्तर. रुळाच्या कामावरला गोरा सायेब वरडायलाय आठ दिस झालं. नवा सबूद आला की म्या गाठ मारलो. सात हायेत.”

आणि त्यानं उरलेल्या सहाही म्हणून दाखवल्या. क्लिअर ऑफ, मूव्ह ऑन, बी ऑफ... साहेबाचा खोकलासुद्धा जिथल्या तिथं.

मास्तरांचा राग जरा निवला. अशाच जोडक्रियापदांची त्यांनी अकरा वर्षं खपून वही केली होती. दोनशे बारा नग, अर्थासकट. क्रियापदाला शेपूट लावलं की त्याचा नवा जन्म होतो, असं ते दरवर्षी पोरांना सांगत आणि पोरं दरवर्षी नापास होत. आज पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन अर्थ विचारायला आलं होतं. त्यांनी वही उघडली.

“पहिलीचा अर्थ, चालता हो. दुसरीचा... चालता हो.” पाचव्या गाठीपर्यंत त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“सातीचा येकच?”

“एकच.”

लिंगाप्पानं साती गाठी पुन्हा एकेक करून चाचपल्या.

“डोस्कं फिरलंय का त्येचं? पान्यावर न्यायची हाक येगळी, वळवायची येगळी, बसवायची येगळी. येका कामाला सात हाका कोन मारतंय? म्या पहिलीला मेंढरं वळवलो. दुसरीला बसवलो. तिसरीला समदा कळप त्येच्या तंबूम्होरं नेऊन हुभा केलो. म्हनलं, मोजायची असतील.”

पोरं हसली. मास्तरांनी छडी आपटली.

“मग?”

“मग काय! अकरा मेंढरं कोंडून घातलाय. आज सांजच्याला कापनार. पाव्हनं येनार हायेत म्हनं जेवायला. आज्याच्या वक्तापासनं आमची वाट तिथनंच जायलीय, मास्तर.”

मास्तरांनी शाळा सोडली, कोट चढवला, वही खिशात घातली आणि इंग्रजीत अर्जी लिहिली. तिच्यात नऊ जोडक्रियापदं होती, एकाहून एक सरस. चौकशी करणं, सहन करणं, परत देणं, सगळं होतं.

साहेब तंबूपुढं खुर्चीत बसून बूट पुसून घेत होता. मास्तरांनी पहिलं वाक्य म्हटलं. उच्चार चोख होता.

“क्लिअर ऑफ,” बुटावरची नजर न काढता साहेब म्हणाला.

मास्तर उभेच राहिले. लिंगाप्पानं घाईघाईनं दोरी चाचपली.

“ही दुसरी,” तो मदतीच्या भावनेनं कुजबुजला.

मास्तरांनी अर्जीच्या चार घड्या केल्या आणि ते चालू लागले. पण रस्त्याकडं नाही. तंबूमागं मेंढरांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि त्याच्या तोंडाशी काट्यांचीच एक मोठी फांदी दारासारखी ओढून लावलेली होती. तिथला राखणदार पाठमोरा बसून चुलीसाठी दगड मांडत होता. मास्तरांनी कोट काढला, हाताभोवती गुंडाळला आणि ती फांदी बाजूला ओढली. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांनी परवानगीवाचून शाळेची खिडकीही उघडली नव्हती.

“लिंगाप्पा, यायच्या हाका किती?”

“येकच.”

“मार.”

लिंगाप्पानं जीभ टाळ्याला लावून एक हलकासा आवाज केला. अकरा मेंढरं बाहेर आली, एकामागं एक, कुणालाही न ढकलता.

मागून साहेब ओरडू लागला. सातही हाका झाल्या. मग एक आठवी आली. ती वहीतही नव्हती. एकाही मेंढरानं मान वळवली नाही. मास्तरांनीही नाही.

ओढा ओलांडल्यावर लिंगाप्पा थबकला.

“मास्तर, कोट ऱ्हायला की काट्यात!”

“राहू दे.”

“खिशात वही हाय. वहीवर नाव हाय का तुमचं?”

मास्तरांनी रक्ताळलेला अंगठा धोतराला पुसला.

“व्हय,” ते म्हणाले, आणि मेंढरांच्या चालीनं चालू लागले.