कपाटात जपलेला टॅब

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. जुना नुसता वयाने. मला कुणी फारसं वापरलंच नाही, आणि माझी मलाच किळस येते.

करोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखानदाराने मला पेठ तालुक्यातल्या एका पाड्याच्या शाळेला भेट दिलं. पाड्यावर रेंज नव्हती. शाळेतल्या सविताबाई मला घेऊन पेठच्या एसटी स्टँडवर बसत आणि ऑनलाइन धडे उतरवून घेत. तिसरीचं मराठी, गणित, गोष्टी, बोलणारी बाराखडी. माझं पोट गच्च भरलं. आता मुलांत जायचं म्हणून मी खूश होतो.

मुख्याध्यापक सोमनाथ सरांनी मात्र आधी फोटो काढायचं ठरवलं. पाड्यावरून बोलावून आणलेल्या तिसरीतल्या तृप्तीच्या हातात मला दिलं. तिला अक्षरं येत होती, जोडून वाचता येत नव्हतं. बाराखडी बोलू लागली तशी ती खुदकन हसली. फोटो वरच्या कार्यालयात गेला आणि सरांनी मला पुसून कपाटात कुलूपबंद केलं. पुढे दर शनिवारी तेच. मुलं बदलायची, मी बंदच असायचो. फोटोला तेवढं पुरायचं. शी! आठवलं तरी शिसारी येते.

दसऱ्यानंतर तृप्तीची आई भागीबाई आली. "बाई, आमी निफाडला द्राक्षाच्या छाटणीला चाललो. पोरीला संगंच न्यावं लागंल."

"सर, टॅब तिच्याबरोबर देऊ," सविताबाई म्हणाल्या. "धडे आतच आहेत, रेंज लागत नाही. नाहीतर वाचन सुटेल पोरीचं."

"अन् काच फुटली तर वर उत्तर कोण देणार?"

"मी देईन ना!"

सरांनी किल्ली खिशात टाकली.

होळीला तृप्ती परतली. बाईंनी पुस्तक पुढे धरलं, तर ती अक्षरांवरच अडखळू लागली. बाई तणतणत गेल्या, किल्ली आणली, मला बाहेर काढलं. तृप्तीने बटण दाबलं. परत दाबलं. चार्जिंगविना पडून माझी बॅटरी कधीच फुगली होती.

"हा आता बोलत नाय का, बाई?"

बाई माझी फुगलेली पाठ चाचपू लागल्या. सर मात्र मला उलटंपालटं करून म्हणाले, "बघा, एक ओरखडा नाही!"

मित्रांनो, अशा जपण्याचा मला उबग आला आहे. तुमच्या शाळेत असं कपाट असेल तर आजच किल्ली मागा. काच फुटली तर फुटू द्या.

त्या वर्षी सगळ्यांनाच पास केलं. जूनमध्ये तृप्तीचं नाव चौथीच्या हजेरीत लागलं. तिला ते वाचता आलं नाही.