मोरोंकेच्या पेशी

मोरोंके नायजेरियातल्या इबादान शहरात, बोडिजा बाजारात कपडे शिवायची. चोविसाव्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याखाली गाठ आली. हाडाचा कॅन्सर निघाला. पाय मांडीपासून काढावा लागला, मग केमो सुरू झाली. गाठीचा एक तुकडा तिच्या संमतीनं आमच्या प्रयोगशाळेत आला. तिथं पेशी जगवणं हे माझं काम.

आमच्या अजिबिके मॅडम एवुरोच्या, म्हणजे रश्शात घालतात त्या कडू पाल्याच्या, अर्कापासून चांदीचे नॅनोकण तयार करतात. ते कण मोरोंकेच्या पेशींवर घातले, तर तिसऱ्या दिवशी त्यातल्या बऱ्याचशा मेल्या होत्या.

हे मोरोंकेच्या कानावर गेलं. कुबड्या घेऊन ती आली, सोबत आई. मी तिला सूक्ष्मदर्शकातून उरलेल्या पेशी दाखवल्या.

"माझ्या? अजून वाढतायत?"

"दर दोन दिवसांनी खायला घालतो ना."

ती हसली. मग मॅडमकडे वळून तिनं विचारलं, "हे आधी मिळालं असतं, तर माझा पाय राहिला असता?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "बशीतल्या पेशी ब्लीचनंही मरतात. ते काही तुला पाजता येत नाही."

आईला ते लागलं. देशातलंच औषध देशातल्याच माणसांना देत नाही, असं ती बराच वेळ बोलत राहिली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पण औषध दिलं नाही. निरोगी पेशींवरची चाचणी अजून व्हायची होती.

ती पुढच्या महिन्यात झाली. हाडाच्या निरोगी पेशीही निम्म्या मेल्या. मात्रा कमी केली, तर कॅन्सरच्याही जगल्या.

हे सांगायला मॅडम स्वतः बाजारात गेल्या. मी बरोबर होतो. मोरोंके हातमशीनवर लग्नाचा झगा शिवत होती. ऐकून तिनं सुई थांबवली.

"म्हणजे तेव्हा दिलं असतं, तर..."

"तुला त्रासच झाला असता, बहुतेक."

शेजारी उभ्या आईनं आम्हाला बसायला स्टूल दिलं.

"पेशी आहेत ना अजून?" मोरोंकेनं विचारलं.

"आहेत," मी म्हणालो.

"मग वापरा. मला परत नकोत."

निरोगी पेशी वाचाव्यात म्हणून मॅडमनी आता कणांवर वेगळा लेप द्यायला घेतलाय. अकरावा प्रयत्न चालू आहे. मोरोंकेची केमो जूनमध्ये संपली. त्यानंतरच्या दोन तपासण्यांत काही निघालेलं नाही.