ओट्यावरचा तलाव

आमचे हे, म्हणजे गुणवंतराव, आरमोरीच्या रस्त्यावर उकड्या तांदळाची गिरणी चालवतात आणि सरकारवर मनापासून रागावतात. दर वर्षी काहीतरी नवा नियम येतोच. यंदाचा असा, की उन्हाळ्यात बारा ते चार मजुरांना उघड्यावर राबवायचं नाही. नियम काढणाऱ्यानं कधी धान वाळवलंय का, म्हणून जेवताना ह्यांनी माझं डोकं खाल्लं. जसं काही तो नियम मीच काढला होता.

पण माणूस सरळ. धान वाळवायच्या सिमेंटच्या ओट्याच्या कडेला जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला, रांजण भरून ठेवले आणि बारा वाजताच मजूर बायांना मांडवात पाठवलं. धान मात्र नेहमीसारखंच सकाळी उकडलं आणि ऊन चढल्यावर ओट्यावर पसरलं. तेवढं बदलायचं ह्यांना सुचलंच नाही.

उकडं धान सारखं परतावं लागतं. बाया त्यातून पाय घासत ओळीनं चालतात आणि मागे सऱ्या उमटतात. भर उन्हात ते तसंच पडून राहिलं तर दाणा तडकतो, गिरणीत त्याची कणी होते. ह्यांचं नाव अख्ख्या दाण्यासाठी होतं. ते नाव गेलं की गिरणीही गेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दुपारी सगळी गिरणी निजली. उकडलेल्या धानाचा गोडसर वास, होल्याचं घुमणं, मांडवात बायांमधल्या देवकाबाईचं मंद घोरणं. व्हरांड्यात मीही पेंगले. अर्धवट मिटल्या डोळ्यांना दिसलं, की हे चपला काढून, पँट दुमडून ओट्यावर उतरले. नियम मजुरांना होता, मालकाला नव्हता, एवढी पळवाट ह्यांना सापडली होती. पांढऱ्या उन्हात हे एकटेच पाय घासत जात होते, येत होते. मला वाटलं, स्वप्नच पडतंय, म्हणून मी हाक मारली नाही.

मग हे हळूच खाली बसले आणि आडवे झाले.

मी किंचाळत धावले, तर देवकाबाई माझ्या आधी पोचलेली. तळ्यात जाळं ओढणाऱ्या घरची बाई ती. ह्यांना काखेत धरून तिनं ओढत मांडवात आणलं, आणि बायांनी अख्खा रांजण ह्यांच्या अंगावर रिकामा केला. दवाखान्याची गाडी यायच्या आत ह्यांनी डोळे उघडले.

"ओट्यावर तलाव भरला होता," हे म्हणाले. "गार पाणी होतं. मी उतरूनच राह्यलो होतो त्यात."

मला वाटलं, बाया हसतील, पण एकही बाई हसली नाही.

"आमाले तं दरसाल दिसते तो तलाव, भाऊ," देवकाबाई म्हणाली. "त्यात उतराचं नाई. चालत राहाचं."

ह्यांनी तोंड फिरवलं. मला ह्यांची कीव आली आणि भयंकर रागही आला, दोन्ही एकदमच.

त्या धानाची कणीच झाली. दवाखान्यातून परतल्यावर ह्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की धान उकडायची भट्टी संध्याकाळी पेटवायला सांगितली. आता आम्ही धान उजाडताच पसरतो आणि बाराच्या आत गोळा करून झाकतो.

परवा दुपारी हे मांडवात बायांच्या जवळ बसले होते. समोर रिकामा ओटा उन्हात लकलकत होता. ह्यांनी देवकाबाईला हळूच विचारलं, आजही दिसतो का?

"दिसते," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.