नरसीपूरचा ब्लाउज

"थांब गे, थांब. ही म्हातारी सूप कुणाला पाजती?" शांताक्कानं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"त्या दुसरीला, आक्का. सासूच तिला घरी बोलावून वाढदिवसाचं खाऊ घालतेय. हिला सगळं ठाऊक आहे बघ."

दुपारची जेवणं झाली की आम्हा सासूसुनांचा हा रोजचा कार्यक्रम. इथं कानडी मुलखात, अग्रहारातल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ब्लाउजांना हुकं लावायची आणि डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर कोरियन मालिका बघायची. बोलणं कोरियन, खालची अक्षरं इंग्रजी. ती वाचून मी आक्काला आपल्या मराठीत सांगायची. लग्न, लफडं, घटस्फोट, रडारड. आक्का त्या नवऱ्याला असल्या शिव्या घालायची की मला हसू आवरायचं नाही. मला आई आठवत नाही. या घरात आले तेव्हा जी मिळाली ती हीच. नवऱ्याशी, वेंकटेशशी, माझं बोलणं भाजी आणि लाइटबिलापुरतं. मनातलं सगळं आक्कापाशी.

त्या दिवशी मालिकेतल्या सासूचे प्रताप बघून माझं डोकंच फिरलं. "काय बाई तरी. सून हिचे पाय चेपते आणि ही सवतीला सूप पाजते. नवरा मेला तसलाच, पण हिला काही लाज?"

मला वाटलं, आता आक्काचा पट्टा सुरू होईल. तिनं नुसती दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, "आई काय करंल गे? पोराला टाकून देईल काय?"

"सुनेला सांगता येत नव्हतं?"

"सांगून काय, घर मोडायचं? आणि त्या बाईला तरी कसलं सुख? भाड्याच्या खोलीत एकटी पडलीय, ताप आला तर पाणी द्यायला कोण नाही. सणाला एक ब्लाउज शिवून दिला तर काय बिघडलं? सुम्ने उगीच बोलायचं."

मी मोबाइलकडे पाहिलं. मालिकेतली ती बया विसाव्या मजल्यावर राहत होती, घरात कामाला दोन बायका. ब्लाउज तर तिकडं कुणी घालतच नाही.

"कुठल्या बाईचं बोलतेस तू?"

आक्काचा हात थांबला. माझ्या तोंडाकडे न बघता तिनं माझ्या मांडीवरच्या ब्लाउजकडे पाहिलं. मोरपंखी रंग, जरीचा काठ. याच्या गिऱ्हाइकाला आमच्या घरात 'नरसीपूरची पार्टी' म्हणायचे. माप द्यायला ती पार्टी कधी आली नाही. कापायचा आक्कानं, पोचवायचा वेंकटेशनी. टी. नरसीपूरच्या टेलरांना ते अस्तराचं कापड पुरवतात, कधी कधी तिकडंच मुक्काम करतात. इतकी वर्षं तुला संशय कसा आला नाही, असं विचाराल, तर घरात आक्का होती ना. काही असतं तर तिनं सांगितलं असतं.

"कधीपासून?"

"बिडू गे. सोड."

"आक्का, कधीपासून?"

"धाकटा शाळेत जायला लागला तेव्हापासून."

माझा धाकटा आता इंजिनिअरिंगला आहे.

खरं सांगते, नवऱ्याचं ऐकून मी एवढी जळले नाही. पण शेजारी बसवून, गप्पा मारत, हिनं माझ्याच हातानं त्या बाईच्या ब्लाउजांना हुकं लावून घेतली, त्यानं जळले. मला रडूसुद्धा येईना.

"संध्याकाळी ते आले की तू सांग त्यांना, गोदाला कळलंय म्हणून," मी म्हणाले. "माझ्यासमोर सांग. बाकी मी काही मागत नाही तुझ्याकडे."

आक्कानं मान डोलावली. तेवढ्यावर मी संध्याकाळपर्यंत धीर धरला. भात लावला, देवापुढे दिवा लावला.

वेंकटेश आले. चपला काढता काढताच विचारलं, "आक्का, नरसीपूरचा झाला काय? उद्या जातोय मी."

मी आक्काकडे पाहिलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. राहिलेली हुकं तिनं स्वतःच लावून टाकली होती. ब्लाउजची नीट घडी घातली, कागदात गुंडाळला आणि लेकाच्या हातात दिला.

"झालाय," ती म्हणाली. "गोदा, कॉफी ठेव बघू. दमून आलाय तो."

मी कॉफी केली. दोन कप भरले, दोघांपुढे ठेवले आणि पायात चपला घातल्या. कुठं चाललीस, हे आक्कानं विचारलं नाही.