पेन्सिलीचा ठसा

होडी जुनी घेतली होती. ती आमच्या नावावर नोंदल्याशिवाय विमा मिळणार नव्हता. "कागदांचं तू बघ, पाण्याचं मी बघतो," असं हसत म्हणून नवऱ्याने मला नोंदणी कचेरीत पाठवलं. होडीच्या मागच्या पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि तो ठसा अर्जाला जोडायचा, असा नियम होता. मी तो सकाळीच घेतला होता.

कारकूनबाईंनी ठसा भिंगाखाली धरला. "ताई, हा आठ बघा. त्याच्या आत तीन दिसतोय."

कुणीतरी मूळ आकडा वरवर घासून त्यावर नवा ठोकला होता. डोळ्यांना न दिसलेले खळगे पेन्सिलीने टिपले होते. बाईंनी जुना क्रमांक संगणकात घातला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"ही होडी खडकावर आपटून बुडाली होती. तळाला लांब चीर आहे. विमा कंपनीने ती मोडीत काढायला सांगितली होती. रंग नवा आहे का हो?"

"चकचकीत."

"बांधून ठेवलीय ना?"

माझ्या फोनवर नवऱ्याने पाठवलेला फोटो आला. मागे किनारा बोटभर दिसत होता आणि पुढे आमची मुलगी डबा घेऊन हसत बसली होती. खाली लिहिलं होतं, 'आत थोडं पाणी येतंय. बाईसाहेबांना उपसायचं काम मिळालंय.'

मी लगेच फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.