आजीवन म्हणजे कुणाचं जीवन?

"तू भर बाबा दर महिन्याला," अप्पा मेव्हण्याला म्हणाले आणि खुर्चीत असे मागे रेलले की खुर्ची कण्हली. "आमचं आजीवन आहे. एकदा घेतलं, सुटलो. एक दिवस मी जाईन, ही खुर्ची जाईल, पण हे सॉफ्टवेअर जागचं हलायचं नाही."

मेव्हण्याचंही त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मशीन-भरतकामाचं दुकान होतं. त्यामुळे तो निम्मा बायकोचा भाऊ होता आणि निम्मा वैरी. आज पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं उसनी मागायला आला होता, आणि रिळं मिळाल्यावरही जात नव्हता.

"दाखवा की मग तुमचं अजरामर," तो म्हणाला.

अप्पांनी दाखवलं. म्हणजे दाखवायला गेले. धंद्याची सगळी मदार त्या सॉफ्टवेअरवर होती. अप्पा कॉम्प्युटरवर चित्र काढायचे, सॉफ्टवेअर त्या चित्राचे टाके करून द्यायचं, आणि मशीन ते टाके कापडावर घालायचं. रोज सकाळी पडद्यावर उघडणारी ती खिडकी आज उघडली, पण तिच्यात अप्पांची चित्रं नव्हती. एक हसरं कुटुंब होतं, सगळ्यांचे दात एकसारखे. खाली लिहिलं होतं, 'आपली कंपनी आता एका मोठ्या परिवाराचा भाग झाली आहे. आपला चाचणी कालावधी आजपासून सुरू होत आहे.'

"अभिनंदन, दाजी," मेव्हणा म्हणाला. "या वयात नवीन परिवार."

अप्पांच्या सूनबाई मागच्या टेबलावर कोटांना भरतकामाची फ्रेम लावत होत्या. त्या उठून आल्या, पडदा वाचला, आणि मेव्हण्याला म्हणाल्या, "मामा, रिळं मिळाली ना? मग या आता."

मेव्हणा गेला, पण रस्ताभर हसत गेला असणार, हे अप्पांना न बघताही दिसलं.

एरवी अप्पांनी चार शिव्या देऊन विषय सोडला असता. पण टेबलावर कोट होते. गावात नवं रुग्णालय उघडत होतं. तिथल्या सगळ्या डॉक्टरांच्या आणि नर्सच्या पांढऱ्या कोटांवर छातीशी रुग्णालयाचं चिन्ह आणि खाली ज्याचं त्याचं नाव भरायचं होतं. हे काम नीट झालं तर पुढे चादरी, गाऊन, पडदे, सगळं याच दुकानात येणार होतं. बिघडलं तर मेव्हण्याकडे जाणार होतं. तिथल्या मेट्रनबाईंनी तसं स्वच्छ सांगितलं होतं. या एका कामाच्या भरवशावर सूनबाईंनी बँकेतली नोकरी सोडून दुकानात बसायचं ठरवलं होतं, आणि हे अप्पांना दिवसातून दहा वेळा आठवायचं. उद्घाटन शनिवारी होतं.

अप्पांनी कंपनीला निरोप टाकला. पडद्याच्या कोपऱ्यात एक हसरा पिवळा गोळा उगवला.

'नमस्कार! मी आपली काय मदत करू?'

अप्पा दोन बोटांनी टाइप करायचे, पण राग आला की एकाच बोटाने. 'माझ्याकडे आजीवन परवाना आहे.'

'खूप छान! आपल्या जुन्या ग्राहकांचा आम्हाला अभिमान आहे. आपला आजीवन परवाना संपला आहे.'

"संपला?" अप्पा पडद्याला म्हणाले. "मी संपलो का?"

"ते लिहा," सूनबाई म्हणाल्या.

अप्पांनी लिहिलं, 'मी जिवंत आहे.'

गोळा थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, 'हे ऐकून आनंद झाला! आजीवन या शब्दातलं जीवन हे उत्पादनाचं जीवन आहे, ग्राहकाचं नव्हे. आपलं उत्पादन गेल्या मंगळवारी निवर्तलं.'

"निवर्तलं म्हणजे? काल दुपारपर्यंत टाके घालत होतं की ते."

'नवीन उत्पादन त्याच्यासारखंच दिसतं,' गोळा म्हणाला, जणू त्याला ऐकू गेलं होतं, 'पण ते नवीन आहे. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?'

अप्पांनी फोन लावला. बराच वेळ सनई वाजल्यासारखं काहीतरी वाजलं, मग एक इतकी गोड बाई बोलायला लागली की अप्पांचे दात शिवशिवले.

"काका, तुमची भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाही, बाई. पावती आहे माझ्याकडे."

"ती पावती जुन्या कंपनीची आहे ना, काका?"

"तुम्हीच घेतलीत ना ती कंपनी?"

"हो, कंपनीची इमारत घेतली, नाव घेतलं, ग्राहक घेतले. वचनं नाही घेतली. ती यादीत नव्हती."

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली. "म्हणजे असं बघा," ते म्हणाले. "मी शिंप्याकडून कोट शिवून घेतला. पैसे दिले, घातला, घरी आलो. पुढच्या वर्षी शिंप्याने दुकान विकलं. तर नवा मालक रस्त्यात मला गाठून अंगावरचा कोट उतरवणार?"

"नाही हो काका, उतरवणार कशाला. महिन्याचं भाडं भरून तुम्ही तो घालू शकता की."

सूनबाईंनी अप्पांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला, कारण अप्पांनी तो भिंतीच्या दिशेने धरला होता.

"अप्पा, एक महिना भरून टाकू या का?" त्या म्हणाल्या. "कोट तर जातील."

"सूनबाई, हा प्रश्न पैशाचा असता तर मी कधीच भरले असते. विकत घेतलेली वस्तू मी परत विकत घेणार नाही. आज भरले की उद्या ते माझा चष्मा मागतील. म्हणतील, चष्म्याची कंपनी आम्हीच घेतली."

"मग कोट?"

"कोट होतील."

चाचणीत सॉफ्टवेअर चालत होतं, हे खरं. सगळं चालत होतं. फक्त प्रत्येक कामावर ते आधी स्वतःची ओळ भरायचं. छातीभर, ठसठशीत अक्षरात, 'चाचणी प्रत. विक्रीसाठी नाही.' मग तिच्यावरच चिन्ह आणि नाव. ओळ वगळून पुढे जायला गेलं की मशीन टूं करायचं आणि रुसल्यासारखं उभं राहायचं. पहिला कोट बाहेर आला तो हृदयरोगतज्ज्ञांचा. सूनबाईंनी तो उजेडात धरला आणि ओळीवरून बोट फिरवलं.

"विक्रीसाठी नाही," त्या म्हणाल्या. "हे एक बरंय, निदान प्रामाणिक डॉक्टर वाटतील."

अप्पा मात्र हसले नाहीत. ते मशीनभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते भाव आले, ज्यांना घरातले सगळे घाबरत.

"सूनबाई, त्या ओळीला दोरा कुठला लागतो, हे कंपनी ठरवते का?"

"नाही. दोरा आपणच लावतो."

"कोट कुठल्या रंगाचे आहेत?"

सूनबाईंच्या लक्षात आलं. पांढऱ्या कोटावर पांढऱ्या दोऱ्याने ओळ भरायची, मग निळा दोरा लावून चिन्ह आणि नाव. पांढऱ्यावर पांढरं. हातभर अंतरावरून बघितलं तर नुसतं कापड. डोळा अगदी टेकवला तर काहीतरी नक्षी असल्यासारखं वाटायचं, तेही श्रीमंती वाटायचं.

"कंपनीचा शब्द कंपनीच्याच घशात," अप्पा म्हणाले. ते त्या आठवड्यात पहिल्यांदाच शीळ घालत होते, आणि शीळ त्यांना येत नव्हती.

शुक्रवारी कोट रुग्णालयात पोचले. मेट्रनबाईंनी एकेक उलगडून बघितला. मेट्रनबाई म्हणजे अशी बाई, की तिच्यासमोर खाटाही सरळ रेषेत उभ्या राहात. एका कोटाच्या छातीवरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "भरतकामात उठाव आहे हो छान." अप्पांनी मान खाली घातली आणि आभार मानले. येताना ते मुद्दाम मेव्हण्याच्या दुकानावरून आले, हळू.

चूक कुठे झाली ते भरतकाम करणाऱ्या कुणालाही तुम्ही सांगितलंत तर तो लगेच कपाळावर हात मारेल. कोट होते सुती. सुती कापड पहिल्या गरम धुण्यात आक्रसतं, म्हणून भरायच्या आधी ते धुऊन घ्यायचं असतं. अप्पा वर्षानुवर्षं घेत आले होते. त्या आठवड्यात कंपनीशी भांडण्यात ते राहून गेलं. आणि दोरा होता पॉलिस्टरचा, जो उकळत्या पाण्यातही केसभरसुद्धा आक्रसत नाही.

रुग्णालयाने उद्घाटनाआधी सगळे कोट आपल्या धुलाईखान्यात गरम पाण्यातून काढले. स्वच्छता म्हणून. कापड आखडलं, दोरा आखडला नाही, आणि अक्षरं फुगून वर आली. पाव भाजताना फुगतो तशी. हातभर नाही, खोलीच्या त्या टोकावरून वाचता येतील अशी.

शनिवारी सकाळी कोट घालायच्या घाईत आरशात बघायला कुणाला वेळ नव्हता. पहिला पेशंट आतड्याच्या ऑपरेशनचा. स्ट्रेचरवर आडवा, डोळ्यांच्या अगदी समोर सर्जनची छाती. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "एक विचारू का? तुम्ही चाचणीवर आहात?"

"कसली चाचणी?"

"नाही, तुमचं तुम्हीच लिहून ठेवलंय म्हणून विचारलं." आणि तो स्ट्रेचरवरून खाली उतरला, मागून उघडा गाऊन एका हाताने धरून, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणाला, "पक्के डॉक्टर कधी येतात ते सांगा, मी तोपर्यंत बाहेर बसतो." भूल देणाऱ्या डॉक्टरांच्याही छातीवर तेच होतं. म्हणून तो बाहेरही बसला नाही, घरी गेला. प्रसूती विभागात एका आजीबाईंनी नातू नर्सच्या हातात द्यायला नकार दिला. बालरोगतज्ज्ञ कोट उलटा घालून फिरले, तर त्यांच्या पाठीवर त्यांचं नाव आलं आणि छातीवर काहीच नाही, त्यामुळे त्यांना कुणीतरी वॉर्डबॉय समजून बादली आणायला पाठवलं. ते आणूनही आले.

मेट्रनबाई दुपारी दुकानात आल्या. कोटांचा ढीग टेबलावर टाकला आणि खुर्ची न घेता उभ्या राहिल्या.

"अप्पा, उठाव आहे म्हणाले होते ना मी?"

"हो, बाई."

"सोमवारी सकाळी मला हे कोट हवेत. एकही शब्द जास्त नको. नाहीतर मी रस्त्याच्या त्या टोकाला जाते. तिथला माणूस दर महिन्याला भाडं भरतो, पण निदान डॉक्टरांना चाचणी प्रत म्हणत नाही."

त्या गेल्यावर सूनबाई म्हणाल्या, "आता भरायचे का एक महिन्याचे?"

अप्पांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. पिवळा गोळा अजून हसत होता. 'आपला आमच्यासोबतचा अनुभव कसा होता?' अप्पांनी त्याच्यासमोर पाच तारे असलेली जागा बघितली, कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढून काढली, आणि माळ्यावरून पायाने चालवायचं जुनं मशीन खाली उतरवायला घेतलं.

"तुम्हाला येईल?" सूनबाईंनी विचारलं.

"सूनबाई, इतके दिवस मी काढायचो आणि मशीन शिवायचं, नाही का. त्याआधी मीच काढायचो आणि मीच शिवायचो. तेव्हा कुणी मला विकत घेतलं नव्हतं."

शनिवारची उरलेली दुपार आणि अख्खा रविवार दोघं बसली. ओळ चिन्हाखालून गेलेली, म्हणून सूनबाई सगळेच टाके उसवायच्या, अप्पा फ्रेम हाताने फिरवत चिन्ह आणि नावं भरायचे. उसवलेल्या जागी सुईची भोकं राहायची, त्यावर सूनबाई ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबायच्या, की भोकं बुजायची. चिन्हात दोन हात आणि मध्ये एक पान होतं. अप्पांच्या हातून काही हात फावड्यासारखे झाले, आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या कोटावरच्या हाताला सहा बोटं आली. "हाडांचे डॉक्टर आहेत," अप्पा म्हणाले. "एखादं जास्तीचं चालेल." सूनबाई इतक्या हसल्या की सुई बोटात गेली, आणि मग त्या बोटाला पट्टी बांधून परत उसवायला बसल्या. रविवारी दुपारी मेव्हणा सहज म्हणून डोकावला. पायमशीन बघून त्याचं तोंड उघडं राहिलं. अप्पा म्हणाले, "ये, बस, हे आजीवन आहे." मेव्हणा बसला नाही, उलट जाताना उसनी नेलेली दोन्ही रिळं परत ठेवून गेला.

सोमवारी सकाळी कोट पोचले. मेट्रनबाईंनी एकेक उलगडला. फावड्यांवरून त्यांची नजर फिरली, सहाव्या बोटावर थोडी थांबली आणि पुढे गेली. "स्वीकारले," त्या म्हणाल्या, आणि चादरींचं माप घ्यायला बुधवारी या असं म्हणाल्या. सूनबाई रुग्णालयाच्या पायरीवर आल्या आणि तिथेच बसल्या. अप्पांनी उभ्या उभ्याच चष्मा पुसला.

मंगळवारी दुपारी रुग्णालय एका मोठ्या परिवाराने विकत घेतलं. नाव बदललं, चिन्ह बदललं. जुन्या व्यवस्थापनाने दिलेली कामं नव्या व्यवस्थापनाला लागू नाहीत, असा निरोप आला. कोट संध्याकाळी टेम्पोने परत आले, आणि त्याच टेम्पोत पुढच्या सीटवर, मांडीवर आपल्या ऑफिसातल्या टेबलावरचं घड्याळ घेऊन, मेट्रनबाई बसल्या होत्या.