बाळाआजोबांच्या कानाचं मशीन

मी एक जुनं कानाचं मशीन आहे, मित्रांनो. शेंगदाण्याएवढा जीव, पण रुसवे माझे डोंगराएवढे. आता राग गेलाय, म्हणून सांगते.

कारखान्यातून तपासणी होऊन मी भाईंदरच्या एका दुकानात आले आणि तिथून बाळाआजोबांच्या घरी. आजोबांचं आयुष्य मिठागरात गेलं. सुट्टीचा दिवस मात्र रानातल्या मोठ्या तळ्यावर! जवळच्या सिल्व्हर पार्क वस्तीतली पक्षीवेडी मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून त्यांच्या मागे फिरत. आजोबांना दुर्बीण लागायचीच नाही, ते कानानेच पाखरू ओळखत. पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्याची शीळ, थंडीत काठावर शेपटी हलवणारा धोबी पक्षी, आणि पळस फुलला की शिंजीर.

मग एका वर्षी आजोबांनी जाहीर करून टाकलं, "बारकी पाखरं संपली. आता तलावावर जायाचं न्हाय." घरात बसून राहिले. अन्नावरची वासना उडाली. मोठ्या आवाजाचे कोकीळ, भारद्वाज ऐकू यायचे, म्हणून स्वतःच्या कानांचा त्यांना संशयच आला नाही. तो आला त्यांच्या नातीला, चांदणीला. तिनेच मला आणलं.

आजोबा भडकले. "मी काय बहिरा हाय?"

चार दिवस मला कसंबसं घातलं. कुकरची शिट्टी, केबिन रोडवरच्या गाड्यांचे हॉर्न, सगळं एकदम डोक्यात घुसलं. झालं! माझी रवानगी दाढीच्या डब्यात. अख्खा पावसाळा आणि हिवाळा मी ब्लेडशेजारी पडून होते. ब्लेडशी मी काय गप्पा मारणार, सांगा!

फाल्गुनात मंजुळाआजी हटूनच बसल्या. "चालीस वर्सं तलाव तलाव आयकते. एकदा मना पन न्या की!" निघताना चांदणीने आजोबांच्या नकळत मला आजींच्या बटव्यात टाकलं.

तळ्याकाठचा पळस फुलला होता. शेंड्यावर जांभळा शिंजीर बसला होता.

"किती वरडतंय हो ते!" आजी म्हणाल्या.

"कोन वरडतंय?" आजोबांनी वर पाहिलं. शिंजिराची चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता. आजोबांना त्याचं काहीच ऐकू येईना. त्यांनी कानामागे हात धरून पाहिला. मग हळूच म्हणाले, "ते मशीन आनलंय का गो?"

आजींनी मला पदराने पुसून दिलं. मी कानात बसले आणि होता तसा तो बारीक, धारदार आवाज आत सोडला. मागोमाग फुलटोच्या, धोबी, सगळेच! आजोबा एकेकाकडे बोट दाखवत नावं घेऊ लागले. डोळे भरून आले त्यांचे.

"पाखरं न्हाय गेलती गो," ते म्हणाले. "मीच गेलतो."

पुढच्या रविवारी त्यांनी तळ्यावर दुर्बीणवाल्या सगळ्या मंडळींसमोर टोपी काढून मला दाखवलं आणि आपली चूक कबूल केली. आता ते रोज मला कोरड्या फडक्याने पुसतात, बॅटरी बदलतात. तळ्याचे तिन्ही ऋतू मी त्यांच्या कानात बसून ऐकलेत. कुठल्या मशीनच्या नशिबी असतं हो हे? त्या घराचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, एकच मागणं आहे. घरातलं म्हातारं माणूस 'आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही' असं म्हणालं, तर वाद घालू नका. आधी त्यांचे कान तपासून आणा.